हसणाऱ्यांचा वाटा

राजोडीतल्या एका लग्नाच्या मांडवात घडलेला हा प्रसंग आहे. देवळातली मिस्सा आटोपली होती, नवरा-नवरी घरी आली होती, वाजंत्री दमून बसले होते आणि पंगत बसायला अजून थोडा अवकाश होता. अशा वेळी मांडवातल्या गप्पांना जो रंग चढतो तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ मोठे गोष्टीवेल्हाळ होते. नक्कल करण्यात तर त्यांचा हातखंडा. त्यांनी एका वाडीची कहाणी सांगायला घेतली. कुणी एक बिलंदर माणूस एका निरक्षर विधवेच्या घरी गेला. निराधारांना सरकारकडून मदत मिळते, तिचा हा कागद आहे, असे सांगून त्याने तिचा अंगठा घेतला. म्हातारीने अंगठा उमटवला, शाई पदराला पुसली, त्याला चहा पाजला आणि वर वाडीतला केळीचा एक घड त्याच्या हाती दिला. काही महिन्यांनी वाडीत मोजणीची माणसे आली, तेव्हा म्हातारी त्यांनाही चहा द्यायला निघाली! इथे त्या गृहस्थांनी म्हातारीचे कापते हात आणि हातातली हिंदकळणारी कपबशी अशी काही हुबेहूब करून दाखवली की सारा मांडव हास्यात बुडाला. आम्हीही हसलो. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

समोरच्या बाजूला एक बाई विड्यांचे तबक लावीत बसली होती. तिने तबक खाली ठेवले, पदर सावरला आणि ती मांडवाबाहेर निघून गेली. ती त्या म्हातारीची मुलगी होती, हे आम्हाला मागाहून कळले. लग्नानंतर ती दुसऱ्या गावी नांदत होती. गोष्ट सांगणाऱ्याला ती कोण हे ठाऊक नव्हते.

आम्ही कुणाचे काही चोरले नव्हते. गोष्ट सांगणाऱ्यानेही चोरले नव्हते. तरीही त्या रात्री घरी परतताना, सुरूच्या बनातून येणारा समुद्राचा आवाज ऐकत असताना, आपल्या खिशात कुणाची तरी वस्तू राहून गेली आहे असे आम्हाला वाटत राहिले. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. अपराधावर हसणे हा अपराधात वाटा घेणे आहे काय? की हसणे हा माणसाचा निरुपद्रवी विसावा आहे आणि त्यावर नैतिक काथ्याकूट करणारे आम्हीच अरसिक आहोत?

चोराला नायक करून लोकांना हसवणे ही काही मांडवातल्या गोष्टीवेल्हाळांचीच कला नाही. थोर लेखकांनी ती हाताळली आहे. आपल्या मराठीतले तिचे ठळक उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा'. पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ साली तो रंगभूमीवर आणला. तमाशाचा बाज, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य धर्तीचे पॉप संगीत यांची त्यात मोठी गमतीची सरमिसळ होती. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. सत्ता आणि गुन्हेगारी यांचे साटेलोटे म्हणजे काय, हे प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. दरोडेखोर, त्याचा पोलीस-मित्र आणि भीक मागण्याचा धंदा पद्धतशीर चालवणारा व्यापारी यांच्यावर प्रेक्षक पोट धरून हसले.

हे नाटक पुलंनी बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या जर्मन नाटकावरून घेतले होते. ते १९२८ साली बर्लिनमध्ये कुर्ट वाइल यांच्या संगीतासह प्रथम सादर झाले. आणि ब्रेख्त यांनी आपला ऐवज जॉन गे या इंग्रज कवीच्या 'द बेगर्स ऑपेरा' या नाटकातून उचलला होता, जे लंडनमध्ये २९ जानेवारी १७२८ रोजी पहिल्यांदा रंगले. अशा रीतीने लंडनचा एक चोर दोनशे वर्षांनी बर्लिनला पोहोचला आणि आणखी पन्नास वर्षांनी पुण्यात मराठी बोलू लागला. या प्रवासाच्या मधल्या एका मुक्कामावर, १९५३ साली, पीटर ब्रूक यांनी मूळ इंग्रजी नाटकावर चित्रपट काढला. पुढे 'महाभारत' जगाच्या रंगभूमीवर नेणारे ब्रूक ते हेच. चित्रपटात दरोडेखोर कॅप्टन मॅकहीथची भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी केली आणि गाणीही स्वतःच्याच आवाजात म्हटली. चित्रपटाला गर्दी लाभली नाही. परंतु जुन्या इंग्रजी चित्रपटांच्या चाहत्यांना तो आजही स्मरतो.

मूळ कथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आपला प्रश्न तिच्यातच दडलेला आहे. पीचम नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ आहे. तो चोरीचा माल विकत घेतो आणि जो चोर पुरेसा माल आणीत नाही त्याला पकडून देऊन सरकारी इनाम घेतो. त्याच्या टेबलावर खतावणी आहे. कोणता चोर किती उत्पन्न देतो आणि कोणाला आता फासावर पाठवावे, याचा हिशेब तो एखाद्या सचोटीच्या वाण्यासारखा ठेवतो. त्याची मुलगी पॉली गुपचूप मॅकहीथशी लग्न लावते. आईबापांवर आकाश कोसळते, ते जावई दरोडेखोर आहे म्हणून नव्हे, तर मुलीने चक्क लग्न केले म्हणून! मग ते एक तोडगा काढतात. जावयाला पकडून द्यावे, इनाम आपल्याला, आणि नवऱ्याची मालमत्ता विधवा मुलीला. तुरुंगाधिकारी लॉकिट हाही त्याच जातकुळीचा. कैद्याने जितके पैसे द्यावेत तितक्या हलक्या बेड्या तो त्याला घालतो. पीचम आणि लॉकिट भागीदार आहेत. हिशेबावरून भांडतात आणि पुन्हा गळ्यात गळे घालतात, कारण एकमेकांना फासावर पाठवण्याइतकी माहिती दोघांजवळही आहे.

पीचम हे पात्र हवेतून आलेले नव्हते. लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा एक माणूस चोर पकडणारा म्हणून नावाजला होता. लोकांच्या चोरीला गेलेल्या वस्तू तो फी घेऊन शोधून देई आणि लोक त्याचे आभार मानीत. चोर त्याचेच होते, ही गोष्ट पुढे उघडकीस आली. त्या काळी दरोडेखोर पकडून देणाऱ्यास चाळीस पौंडांचे इनाम होते. जो चोर त्याला डोईजड होई त्याला वाइल्ड या इनामासाठी फासावर चढवी. २४ मे १७२५ रोजी तो स्वतः फासावर गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी हे नाटक आले आणि पहिल्याच हंगामात त्याचे ६२ प्रयोग झाले. त्या काळाच्या मानाने ही अपूर्व गोष्ट होती. प्रेक्षकांना पीचममध्ये वाइल्ड दिसत होता, आणि त्याच्याही मागे उभे असलेले देशाचे प्रधान रॉबर्ट वॉलपोल दिसत होते. गे यांनी या नाटकाचा पुढचा भाग लिहिला तेव्हा सरकारने तो रंगभूमीवर येऊच दिला नाही.

आता मौज पाहा. नैतिकतेचा जो वाद आमच्या मनात राजोडीच्या मांडवातून निघाला, तोच वाद लंडनमध्ये त्या वर्षी पेटला आणि तो दोन धर्मगुरूंमध्ये पेटला. इंग्लंडच्या चर्चचे टॉमस हेरिंग हे लंडनच्या वकिलांच्या एका संस्थेत प्रवचनकार होते. पुढे ते कॅन्टरबरीचे आर्चबिशप झाले. दरोडेखोराला नायक करून शेवटी शिक्षेविना सोडून देणारे हे नाटक समाजाला घातक आहे, असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. त्यांना उत्तर दिले ते डब्लिनच्या कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांनी. स्विफ्ट यांचे म्हणणे असे की, हे नाटक दुर्गुणांना सुंदर करीत नाही, उलट उच्चपदस्थांच्या दुर्गुणांना चोरांच्या दुर्गुणांशेजारी उभे करून त्यांचे खरे रूप उघडे करते. हा वाद तिथेच थांबला नाही. १७७३ साली लंडनचे न्यायाधीश सर जॉन फील्डिंग यांनी हे नाटक बंद ठेवण्याची विनंती केली, कारण त्याच्या प्रयोगांनंतर चोऱ्या वाढतात असे त्यांचे मत होते. थोर टीकाकार सॅम्युएल जॉन्सन यांनी मात्र व्यवहारी तोडगा काढला. दरोडेखोर काही नाटक पाहायला फारसे जात नाहीत, तेव्हा या नाटकाने फार बिघडणार नाही, असे त्यांनी म्हटले. मात्र लुच्चा माणूस सतत लोभस रूपात दिसला तर त्याचा थोडाबहुत परिणाम होऊ शकेल, हेही त्यांनी मान्य केले.

आम्हाला वाटते की या सर्वांनी प्रश्न थोडा चुकीच्या जागी विचारला. नाटक पाहून कोणी चोर होईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर सोपे आहे: बहुधा कोणी होणार नाही. राजोडीच्या मांडवात ती गोष्ट ऐकून कुणीही दुसऱ्या दिवशी विधवांचे अंगठे गोळा करायला निघाला नाही. परंतु नाटक पाहून प्रेक्षकाच्या मनातून कोण नाहीसे होते, हा खरा प्रश्न आहे.

'द बेगर्स ऑपेरा'मध्ये चोर आहेत, चोरांच्या प्रेयसी आहेत, माल घेणारा आहे, तुरुंगाधिकारी आहे. ज्यांना लुटले ते मात्र नाहीत. ज्याचे घड्याळ गेले, ज्याची गाडी रात्री माळावर अडवली, ज्याच्या बायकोच्या गळ्यातला दागिना ओरबाडला, त्यांपैकी एकही माणूस रंगमंचावर येऊन उभा राहत नाही. ते आले असते तर हास्य तिथेच गोठले असते, हे नाटककाराला पक्के ठाऊक होते. आमच्या गोष्टीवेल्हाळ पाहुण्यांच्या कथेत म्हातारी होती खरी. परंतु ती माणूस म्हणून नव्हती, तर कापणारे हात आणि हिंदकळणारी कपबशी म्हणून होती. तिची मुलगी मांडवातून उठली तेव्हा म्हातारी त्या गोष्टीत परत आली, आणि हसणे संपले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की श्रद्धावंताने अशा हास्यापासून दूरच राहावे. आमचा तसा आग्रह नाही, आणि पवित्र सभेची शिकवणही तशी नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात खेळ आणि विनोद यांचा सविस्तर विचार केला आहे. तिथे ते संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगतात. शिष्यांबरोबर खेळताना योहानाला पाहून काही लोक बिचकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. एकामागून एक सोडतच राहिलास तर काय होईल, असे विचारताच धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. विनोद हा मनाचा विसावा आहे आणि प्रमाणात असलेला विनोद हा सद्गुण आहे, असे थॉमस म्हणतात. नटांचा व्यवसायही ते मूलतः निषिद्ध मानीत नाहीत. मात्र काही अटी घालतात, त्यांतली एक अशी: जे दुसऱ्याला इजा करणारे आहे त्यात मौज शोधू नये.

संत ऑगस्टीन यांना या अटीचे मर्म स्वानुभवाने कळले होते. सोळाव्या वर्षी त्यांनी सवंगड्यांबरोबर शेजारच्या बागेतली पेअरची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही विशेष चांगली नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरी कशासाठी? आपल्या आत्मचरित्रात ते या प्रश्नाची पाळेमुळे खणत जातात आणि शेवटी एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. आपण एकटे असतो तर हे केलेच नसते, असे त्यांना दिसते. ज्यांना आपण फसवतो आहोत त्यांना पत्ताही नाही, या विचाराने त्या पोरांना गुदगुल्या होत होत्या. आणि अशा गुदगुल्यांचे हसू एकट्याला सहसा येत नाही, ते टोळक्यात येते. चोरीच्या मुळाशी लोभ असतो असे आपण समजतो. ऑगस्टीन यांनी दाखवले की कधी कधी तिथे फक्त एकत्र हसण्याचा मोह असतो. आमच्या मांडवाचे निदान सोळाशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेले होते!

परंतु सर्वात मोठे आश्चर्य शुभवर्तमानातच आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात खुद्द प्रभू येशूने एका अफरातफरीची गोष्ट सांगितली आहे. एका कारभाऱ्यावर धन्याची मालमत्ता उधळल्याचा आरोप येतो. नोकरी जाणार हे दिसताच तो विचार करतो: खोदकाम मला झेपणार नाही, भीक मागायची लाज वाटते. मग तो धन्याच्या ऋणकऱ्यांना एकेक करून बोलावतो आणि खतपत्रे बदलायला लावतो. शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी. उद्या आपण रस्त्यावर आलो तर ही मंडळी आपल्याला घरात घेतील, हा त्याचा डाव. आणि धन्याला हे कळते तेव्हा तो त्याच्या चतुराईची वाहवा करतो! हा दाखला प्रवचनात ऐकताना आपण गंभीर चेहरे करून बसतो. पण तो प्रथम ऐकणारे गालिलातले शेतकरी आणि कोळी खात्रीने हसले असतील. सावकारी खतांनी गांजलेल्या माणसांना खतपत्रात खाडाखोड करणारा कारभारी पाहून हसू येणारच.

मग प्रभूच्या या गोष्टीत आणि मांडवातल्या गोष्टीत फरक कोणता? आमच्या मते तो असा. प्रभूची गोष्ट ऐकणाऱ्याला हसवते आणि लगेच त्याच्याकडे वळते. या लबाडाने आपल्या उद्याची जेवढी काळजी घेतली तेवढी तुम्ही आपल्या आत्म्याची घेता काय, असे ती विचारते. आणि देव व धन अशा दोन धन्यांची चाकरी होत नाही, असे बजावून थांबते. हसता हसता ऐकणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. मांडवातल्या गोष्टीत आम्ही कुठेच नव्हतो. आम्ही सुरक्षित होतो. चतुर माणूस वर, भोळी म्हातारी खाली, आणि आम्ही चतुराच्या बाजूला बसून हसत होतो.

याच कसोटीवर ते जुने नाटक घासून पाहावे. त्याच्या शेवटी मॅकहीथ फासाच्या तोंडाशी असतो. तेव्हा एक नट पुढे येऊन नाटक लिहिणाऱ्या भिकाऱ्याला अडवतो: असा शेवट लोकांना रुचणार नाही, संगीत नाटक सुखान्तच हवे. भिकारी तात्काळ मान्य करतो आणि मॅकहीथ सुटतो. जाता जाता भिकारी एवढेच सुचवतो की नाटक मूळ योजनेप्रमाणे संपले असते तर त्यातून एक बोध निघाला असता: गरिबांचे दुर्गुण श्रीमंतांसारखेच असतात, शिक्षा मात्र गरिबांनाच होते. ही चपराक प्रेक्षकांना आहे. चोराला सोडा असे म्हणणारे तेच आहेत. नाटककाराने फक्त त्यांची फर्माईश पुरवली. ज्या प्रेक्षकाला ही चपराक लागली त्याचे हसणे त्याला शहाणे करून गेले. ज्याला लागली नाही त्याच्यापुरते हेरिंग यांचे प्रवचन बरोबर होते. चित्रपटाचे संकट हेच आहे. ऑलिव्हिएसारखा रुबाबदार नट घोड्यावरून दौडत गाऊ लागला की डोळे दिपतात, आणि गालावर बसलेली चपराक कौतुकाची थाप वाटू लागते.

आपल्या वसईला हा विषय नवा नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे इथे गुंडगिरीची, धाकदपटशाची आणि जमिनी बळकावण्याची गेली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल की त्याही वेळी विनोद थांबले नव्हते. दादा लोकांच्या गाड्या, त्यांची टोपणनावे, त्यांच्या दराऱ्याचे किस्से ओट्या-ओट्यांवर चवीने सांगितले जात. त्या हसण्यात भीती होती हे खरे. पण थोडे कौतुकही होते, हे आज कबूल करायला हरकत नसावी. कौतुक हीच गुंडाची खरी खंडणी. ती द्यायला कुणी आपल्याला धमकावलेले नसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लोकांना रस्त्यावर आणले तेव्हा पहिली गोष्ट ही घडली की ज्यांच्यावर अन्याय झाला होता ती माणसे दिसू लागली, बोलू लागली. त्यांचे बोलणे ऐकल्यावर ओट्यावरच्या किश्शांना पूर्वीसारखी चव उरली नाही. आज धमकीची जागा पुष्कळदा कागदाने घेतली आहे. सातबाऱ्यावरचे एक नाव जाते, दुसरे येते. मुखत्यारपत्रावर साक्षीदार मिळतात. आणि ज्याने हे जमवले तो सणाच्या देणगीदारांच्या यादीत वर असतो. पीचमची खतावणी बंद झालेली नाही.

आता शेवटच्या सुटकेविषयी. फासावरच्या चोराला ऐनवेळी माफी मिळावी, ही नाट्यगृहाची मागणी आपल्याला उथळ वाटते. पण आपण ख्रिस्ती माणसांनी ती हसण्यावारी नेऊ नये, कारण आपल्या तारणाच्या कथेतही एक चोर ऐनवेळी सुटतो. कालवरी टेकडीवर प्रभूच्या शेजारी खिळलेल्या त्या अपराध्याला परंपरा दिस्मास म्हणते. त्याला नंदनवनाचे वचन मिळाले. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपल्याला मिळालेली शिक्षा न्याय्य आहे, असे त्याने आधी उघड कबूल केले. आणि वचन मिळाल्यावरही तो क्रुसावरून खाली उतरला नाही. मॅकहीथला मिळते ती सूट. दिस्मासला मिळाली ती क्षमा. सूट अपराध झाकून टाकते. क्षमा अपराधाचे नाव घेते, त्याचे ओझे मान्य करते, आणि मग माणसाला उचलून धरते.

तरीही क्रुसावरच्या चोराला कुणाचे काही परत करण्याची सोय नव्हती. ती संधी जक्कयला मिळाली, आणि म्हणून आम्हाला जक्कयची कथा अपराधाच्या विनोदी कथांतली सर्वश्रेष्ठ वाटते. जकातदारांचा मुख्य, गावाला लुबाडून गबर झालेला, आणि उंचीने इतका ठेंगणा की प्रभूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढून बसतो! मुलांना ही गोष्ट करून दाखवायला फार आवडते. झाडावरच्या जक्कयला पाहून कोणाला हसू येणार नाही? त्या हसण्यात पाप नाही. कारण कथा तिथे थांबत नाही. प्रभू त्याच्या घरी जातो, आणि जक्कय उभा राहून हिशेब मांडतो: अर्धी संपत्ती गोरगरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत. लंडनच्या, बर्लिनच्या नाटकांत जो माणूस रंगमंचावर कधी आलाच नाही, तो फसवला गेलेला माणूस इथे शेवटी दाराशी येतो, आणि त्याच्यासाठी दार उघडले जाते. तेव्हा त्या घरात जे हसू पसरले असेल त्यात सर्वांना जागा होती.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे सापडले. अपराधावर हसणे हे स्वतः पाप नव्हे. ज्याला लुटले त्याला आठवून जे हसता येते, ज्याचा रोख सत्तेवर, ढोंगावर, स्वतःवर असतो, ते हसणे निर्मळ आहे. कधी कधी ते न्यायाचे पहिले पाऊल असते. परंतु जे हसण्यासाठी लुटलेल्या माणसाला आधी खोलीबाहेर घालवावे लागते, त्या हसण्यात आपल्याला लुटीचा एक छोटासा वाटा मिळालेला असतो. तो परत करावा लागतो.

तो परत करायला आम्ही गेलो. दोन-तीन रविवार गेल्यानंतर त्या बाईच्या गावी, तिच्या घरी गेलो. काय बोलावे हे ठरवून गेलो होतो, पण ओटीवर बसल्यावर त्यातले काहीच आठवेना. हसलो याची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही हसलात त्याचा राग नाही. त्यांनी सांगितलं तसंच झालं होतं. फक्त आई मोजणीवाल्यांना चहा द्यायला निघाली, ते तुम्हाला वेडेपण वाटलं. ती दारात आलेल्या सगळ्यांनाच द्यायची." एवढे बोलून ती आत गेली आणि आमच्यासाठी चहा घेऊन आली.

वाडी परत मिळालेली नाही. प्रकरण न्यायालयात आहे. आमच्या क्षमायाचनेने तिच्या सातबाऱ्यावर काही फरक पडला नाही, हे आम्ही जाणतो. मात्र तेव्हापासून कुठल्या मांडवात अशी एखादी गोष्ट रंगू लागली की आम्ही ती शेवटपर्यंत ऐकतो आणि मग विचारतो, "आणि त्या म्हातारीचं पुढे काय झालं?" कधी कधी या प्रश्नाने गप्पांचा बेरंग होतो. कधी कधी मात्र कुणी तरी सावकाश बोलू लागतो, आणि मग खरी गोष्ट सुरू होते.